वैजू फाल्कन्सकडे गेली ते साल

सिंगापूरला ऋतू नाहीत असं सगळे म्हणतात. पहिली दोन वर्षं पुण्याला फोन करताना मीही तेच सांगायचे. रोज उकाडा, रोज कधी ना कधी एक सर, संपलं. पण चिनी नववर्षाचे लाल कंदील उतरले की दोन-तीन आठवडे वेगळे येतात. हवा कोरडी होते. आमच्या पासिर रिसच्या ब्लॉकमागचं गवत पिवळं पडतं, चपलेखाली कुरकुरतं. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटतो आणि खिडकीबाहेर बांबूवर घातलेले कपडे तासाभरात कडक वाळतात. या दिवसांना इथे कुणी नाव दिलेलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना सॉफ्टबॉलचे दिवस म्हणते. काल बांबूवरून चादर ओढून घेत होते आणि खालच्या मैदानातून 'थप्प' असा आवाज आला. चामड्याच्या ग्लोव्हमध्ये चेंडू नीट बसल्याचा. मी चादर हातात धरून तशीच उभी राहिले. छाती धडधडत होती. बेचाळिशीच्या बाईची छाती चेंडूच्या आवाजाने धडधडते, हे सांगायचं तरी कुणाला?

सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू थोडा मोठा, मैदान थोडं लहान, आणि चेंडू खांद्यावरून न फेकता हात चक्रासारखा फिरवून कमरेखालून फेकायचा. फेकणारी ती पिचर. तिच्यासमोर, बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून तो झेलणारी ती कॅचर. चेंडू मारून मैदानाच्या कोपऱ्यांतल्या तीन बेसना पाय लावत चौथ्या, घरच्या बेसवर परत आलं की एक धाव; चेंडू आधी पोचला की बाद, आणि तिघी बाद झाल्या की डाव संपला. पुण्याच्या शाळेत मी चार वर्षं खेळले होते. मग कॉलेज, नोकरी, लग्न. नवरा जहाजावर इंजिनीअर, सहा महिने समुद्रात. त्याच्यामुळे सिंगापूरला आलो तेव्हा मिहिका पाच वर्षांची होती. ती शाळेत गेली की घर असं शांत व्हायचं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. एका शनिवारी खालच्या मैदानात बायकांचा सराव चाललेला दिसला आणि मी कुंपणाला नाक लावून उभी राहिले. तिसऱ्या शनिवारी त्यांच्या कोचने मला आत बोलावलं.

हे कोच सेंग. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर, गुडघ्याला कायम क्रेप बँडेज. अनघा हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मी आना झाले. माझं वय विचारून ते म्हणाले, "आना, यू कॅचर. नो नीड टू रन सो मच, ला." इथल्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी 'ला' लागतोच. खरं कारण वेगळं होतं. दोन तास उकिडवं बसायला दुसरी कुणी तयार नव्हती. मी मात्र जन्मभर भाकऱ्या थापल्यासारखी बसले आणि तिथेच राहिले.

आमच्या संघाचं नाव ऑटर्स. नवरा म्हणायचा, तुमची पाणमांजरं. त्या वर्षीपर्यंत आम्ही दर सीझनला शेवटून पहिले किंवा दुसरे असायचो, आणि हरल्यावर सगळ्या मिळून हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत जाऊन हसत-खिदळत जेवायचो. हरण्याची इतकी सवय झाली होती की जिंकायची इच्छा आहे हेच विसरलो होतो.

आणि मग वैजू आली. तिला मी आणली, हे मी अजूनही मिरवते. लिटिल इंडियाच्या एका भाजीवाल्याकडे रविवारी मी मेथी घेत होते. शेजारी सत्तावीस-अठ्ठावीसची एक मुलगी वांगी दाबून बघत होती आणि फोनवर आईला सांगत होती की इथली वांगी भरताची नाहीतच, नुसतं कातडं. मग नापसंत वांगं तिने परत टाकलं. सहा-सात फुटांवरून, न बघता, कमरेखालून, मनगटाला एक झटका देऊन. वांगं सरळ रेषेत गेलं आणि खोक्यातल्या मोकळ्या जागेत बसलं. भाजीवाला रागाने बघायला लागला. मी मात्र मेथी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही पिचर का?"

ती लाजली. होते, म्हणाली. जळगावला. शाळेपासून विद्यापीठापर्यंत, मग महाराष्ट्राच्या संघातून. आता सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती. कंत्राटी कंपनी तिला आज या बँकेत तर उद्या त्या विमा कंपनीत पाठवायची. वुडलँड्सला एका फ्लॅटमध्ये दोघींत एक खोली. सहा वर्षांत चेंडूला हात लावलेला नव्हता. पुढच्या शनिवारी वुडलँड्सहून पासिर रिसला, म्हणजे बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, एमआरटी रेल्वेच्या गाड्या बदलत ती सरावाला हजर झाली. उसन्या बुटांत.

तिचा पहिला चेंडू मला दिसलाच नाही. हात फिरलेला दिसला, आणि नंतर माझा पंजा जळत होता. मधलं काही नाही. कोच सेंग कुंपणाजवळच्या बाकावरून उठले. कधी नव्हे ते चालत माझ्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "वन मोअर." तसे त्यांनी चाळीस मागितले. घरी येऊन मी डाव्या पंज्यावर बर्फ ठेवला आणि एकटीच हसत बसले.

आमची भाषा चार दिवसांत तयार झाली. कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर बोटांच्या खुणांनी सांगते. आम्हाला खुणांची गरजच नव्हती, मी सरळ मराठीत ओरडायचे. खाली पडणारा चेंडू म्हणजे पोळी. बॅटजवळ येऊन वर उसळणारा म्हणजे फोडणी. आणि सगळा जोर दाखवून प्रत्यक्षात हळू येणारा, समोरचीला आधीच बॅट फिरवायला लावणारा, तो म्हणजे आमटी. समोरच्या संघांना काही कळायचं नाही. मिहिका तेव्हा नऊ वर्षांची. ती बाकावर बसून वहीत गुण लिहायची. पहिल्या सामन्यात वैजूने ओळीने सात जणींना बाद केलं तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, शी व्हेरी फास्ट, ला."

ते २०१४ साल. तो कोरडा फेब्रुवारी इथल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पाऊस जणू हे बेट विसरूनच गेला होता, मैदानं तांबूस झाली होती. चेंडू जमिनीला लागला की धूळ उडायची. आणि त्या धुळीत ऑटर्स जिंकत होते! पहिला सामना, दुसरा, चौथा. एमआरटीत आम्ही सगळ्या धुळीने माखलेल्या उभ्या असायचो, आजूबाजूची माणसं थोडं अंतर ठेवायची, आणि आम्हाला कसली पर्वा नव्हती. सोमवारी सकाळी मिहिकाचा डबा भरताना माझ्या मनात आदल्या दिवशीचा एकेक चेंडू पुन्हा यायचा. नवऱ्याच्या जहाजावर आठवड्यातून एकदा नीट बोलता यायचं. त्यातला निम्मा वेळ मी सामन्याचं वर्णन करायचे, आणि तो बिचारा कुठल्या तरी बंदरात क्रेनच्या गोंगाटात 'मग? मग?' करत ऐकायचा.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती, वैजूलाही नाही. आमटी टाकण्याआधी तिचा डावा खांदा सुपारीएवढा खाली यायचा. तेवढाच. तिच्यासमोर रोज उकिडवी बसलेल्या माझ्याशिवाय तो कुणाला दिसणं शक्य नव्हतं. सांगू, सांगू म्हणत राहून गेलं. सगळं छान चाललेलं असताना सुरात चाललेल्या गाण्याला हात कशाला लावायचा, असंही वाटलं असेल.

जूनमध्ये शाळांना सुट्टी लागते, तेव्हा लीगही महिनाभर थांबते. त्या सुट्टीत संघ बदलता येतो. हा नियम मला माहीत होता, पण आमच्याकडून कुणी कधी कुठे गेलंच नव्हतं. आम्हाला मागणार कोण?

फाल्कन्स हा लीगमधला सगळ्यात बलाढ्य संघ, एका मोठ्या कंपनीचा. त्यांना स्वतःचं मैदान, स्वतःची बस. वैजूने मला हॉकर सेंटरमध्ये बोलावलं आणि समोर लिंबाचं सरबत ठेवून एका दमात सगळं सांगितलं. त्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. कंत्राटदाराच्या मार्फत नाही, थेट. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पगार जवळपास दुप्पट, इथे काम करायचा नवा पास कंपनी काढणार, आठवड्यातल्या दोन दुपारी सरावासाठी मोकळ्या. आणि कागदावर कामाच्या जोडीला एक ओळ होती: कंपनीच्या संघाची पिचर.

मी काय बोलायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे विकली गेलीस."

ती रागावली नाही. सरबताचा ग्लास तिने दोन्ही हातांनी धरला. मग सांगितलं, की राष्ट्रीय स्पर्धेतून पदक घेऊन ती परतली तेव्हा स्टेशनवर वडील सायकल घेऊन आले होते. ते पदक त्यांनी खिशात घातलं, तिची बॅग कॅरिअरला बांधली आणि वाटेत म्हणाले, आता हे पुरे, कॉम्प्युटरचं बघ. त्यांचं चुकलं नव्हतं. बारा वर्षं खेळून तिला काय मिळालं होतं? दोन ट्रॅकसूट आणि प्रवासात केळी. "ताई, माझ्या डोक्याला नोकऱ्या मिळाल्या," ती म्हणाली. "माझा हात पाहिजे, असं कुणी पहिल्यांदा म्हणतंय. तो कागद मी चार वेळा वाचला. मला इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली."

मी सरबत संपवलं नाही. बस आली तशी निघून आले.

कोच सेंग शांतपणे म्हणाले, चांगली पिचर आहे, जाणारच. मिहिकाला वेगळाच प्रश्न पडला. "सो शी इज अदर साइड नाऊ? देन हू वी चीअर?" मी तिला रागावले आणि वही आवरायला लावली. नवऱ्याकडे मात्र उत्तर होतं. मी फोनवर तणतणले तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे दर सहा महिन्यांनी नवं कॉन्ट्रॅक्ट, नवं जहाज. जुन्या जहाजावरची माणसं किनाऱ्यावर भेटली की मिठी मारतात. फितुरी हा शब्द समुद्रावर कुणी वापरत नाही." मग त्याने विचारलं, की तुला तिचं जाणं लागलंय की तुला कुणी विचारलं नाही ते? मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

वैजू गेली आणि ऑटर्स कोसळतील असं सगळ्यांना वाटलं. तसं झालं नाही. जिंकायची चटक लागली होती. हुई मिन नावाची आमची वेगात धावणारी मुलगी पिचिंग करायला लागली. चेंडू साधे, पण डोकं थंड. पहिल्या फेरीचे गुण होतेच. रखडत, एकेका धावेने जिंकत आम्ही ऑगस्टमध्ये अंतिम सामन्याला पोचलो. समोर फाल्कन्स. समोर वैजू.

सामन्याच्या आदल्या आठवड्यातल्या शनिवारी कोच सेंगनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तू तिला सगळ्यांपेक्षा जास्त ओळखतेस. काही आहे का?

तो सुपारीएवढा खांदा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी म्हणाले, आठवून सांगते. सगळा आठवडा मी तो खांदा घेऊन फिरले. भाजी चिरताना, मिहिकाचं गणित घेताना. सांगितलं तर मैत्रिणीचं गुपित विकलं, म्हणजे तिला मी जे म्हणाले होते तेच मी केलं. नाही सांगितलं तर या बारा जणींचं काय, ज्या नोकरी सांभाळून, पोरं शेजाऱ्यांकडे ठेवून उन्हात धावल्या होत्या? शेवटी शुक्रवारी मी सगळ्यांना मैदानावर बसवलं आणि उभी राहून करून दाखवलं. असा खांदा खाली आला, की चेंडू हळू येणार. थांबायचं, आणि मग मारायचं. सगळ्यांचे डोळे चमकले. मी मात्र कुणाकडे न बघता बॅट गोळा करायला लागले.

रविवार. पाच वाजताचा सामना, कलांगचं मैदान, आभाळ भरलेलं. फाल्कन्सच्या निळ्या जर्सीत वैजू जरा जाड झाल्यासारखी वाटली, मग कळलं, जाड नाही, दणकट. आमची पहिली मुलगी बॅट घेऊन उभी राहिली. वैजूचा हात फिरायला लागला आणि डावा खांदा खाली आला. आम्ही बाकावर श्वास रोखला. आमची मुलगी थांबली, अगदी शिकवल्यासारखी.

चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा आला.

पुढच्या मुलीसमोरही खांदा पडला, ती थांबली, बाद. तिसरीही. पुढच्या डावात मी गेले. वैजू माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. खांदा पडला. मी स्वतःला सांगितलं, हा वेगवान असणार. आली आमटी. माझी बॅट चेंडू यायच्या कितीतरी आधी फिरून गेली आणि मी स्वतःभोवती गिरकी घेतली. तिला माहीत होतं. कुणीतरी तिला तो खांदा दाखवला होता, किंवा तिने स्वतः शोधला होता, आणि आता तो तिच्या हातातलं हत्यार झाला होता. सगळा बाक माझ्याकडे बघत होता. मला शरम वाटायला हवी होती. पण माझ्या अंगावर रोमांच आले होते. ही पोरगी आमच्याकडे होती त्याहून मोठी झाली होती, आणि मी तिच्यासमोर उभी होते.

हुई मिननेही जीव ओतला. शेवटच्या डावात फाल्कन्स दोन, आम्ही एक. आमच्या दोघी बाद, आता एकच उरलेली, हुई मिन दुसऱ्या बेसवर, आणि बॅट माझ्या हातात. तेवढ्यात विजेचा भोंगा वाजला. इथल्या मैदानांवर आसपास वीज असली की भोंगा होतो आणि सगळ्यांना छताखाली जावं लागतं. चाळीस मिनिटं दोन्ही संघ एकाच छपराखाली. एका टोकाला वैजू, एका टोकाला मी. मध्ये चोवीस जणी, पाण्याच्या बाटल्या आणि भिजलेल्या मातीचा वास. मी बॅटची कोरडी मूठ पुन्हा पुन्हा पुसत होते. भीती नव्हती ती. लहानपणी गॅदरिंगला पडदा उघडायच्या आधी होतं तसं काहीतरी होतं.

भोंगा बंद झाला. मी जाऊन उभी राहिले आणि ठरवलं, खांद्याकडे बघायचंच नाही. जे माहीत आहे ते सगळं विसरायचं, फक्त चेंडू बघायचा. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा तिच्या हातातून सुटताना मला त्याची शिवण दिसली, खरंच दिसली, आणि तो वर उसळायला लागला तसे माझे हात आपणहून गेले. बॅटला लागल्याचं जाणवलंसुद्धा नाही, इतका स्वच्छ लागला. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून चेंडू गवतात गेला आणि मी धावत सुटले. कोच सेंगनी मला धावू नको म्हणून कॅचर केलं होतं. त्या दिवशी मी धावले. पहिल्या बेसवर पाय ठेवून वळून बघितलं तर हुई मिन घरच्या बेसकडे झेपावत होती आणि चेंडूही तिकडेच येत होता.

वीतभर. वीतभर आधी चेंडू पोचला. हुई मिन बाद. आम्ही हरलो.

निळ्या जर्सी एकमेकींवर कोसळल्या. वैजू त्यांच्यात गेली नाही लगेच. जागेवर उभी राहून ती माझ्याकडे बघत होती, आणि मी पहिल्या बेसवरून तिच्याकडे, आणि दोघींनाही हसू आवरत नव्हतं.

नंतर हात मिळवायच्या रांगेत मी तिचा हात सोडला नाही. म्हणाले, खांद्याचं मीच सांगितलं होतं, आणि जूनमध्ये मी जे बोलले ते चुकीचं होतं.

"तुम्ही सांगणार हे मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "नसतं सांगितलं तर वाईट वाटलं असतं. वाटलं असतं, मला कच्चा लिंबू समजून सोडून दिलं."

मिहिकाने त्या दिवशी वहीत दोन्ही बाजूंना चांदण्या काढल्या होत्या.

पुढच्या जानेवारीत एका दुपारी फाल्कन्सच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. त्यांची कॅचर ऑस्ट्रेलियाला चालली होती आणि वैजूने माझं नाव सुचवलं होतं. मोठं कॉन्ट्रॅक्ट वगैरे काही नव्हतं. नवा ग्लोव्ह, दोन जर्सी, येण्याजाण्याचा खर्च. एवढ्यासाठी माझे कान तापले. कुणीतरी मला मागत होतं. माझ्या आत आधी 'हो' उमटलं. ऑटर्स, कोच सेंग, हुई मिन, सगळी नंतर आठवली. हे मी कुणापासून लपवणार नाही. तो कागद वैजूने चार वेळा का वाचला असेल ते मला त्या क्षणी लख्ख कळलं.

दोन दिवस मागून घेतले. कोच सेंगना सांगितलं तर म्हणाले, "यू गो, आय अँग्री वन वीक. देन ओके, ला." पण मी गेले नाही. त्यात त्यागबिग काही नव्हता. रात्री अंथरुणावर पडून मी तो तिसरा चेंडू पुन्हा पुन्हा बघत होते, शिवण दिसलेला, आणि मला कळलं की तिचे चेंडू झेलून माझं समाधान होणार नाही. मला ते मारायचे होते.

वैजूला फोन करून सांगितलं, नाही म्हटलं त्यांना. ती म्हणाली, "मग आता फेब्रुवारीत भेटू. एक चेंडू सोपा टाकणार नाही, ताई."

मी म्हटलं, "मागितला कुणी?"